सार्वजनिक वाहतुकीतील छायाचित्रण : सुरक्षा आणि नागरी स्वातंत्र्य

रेल्वे स्थानके, भुयारी रेल्वे आणि बसगाड्यांमध्ये सर्वसामान्य प्रवाशाला छायाचित्रे काढू द्यावीत की नाही, हा प्रश्न ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतील हल्ल्यांनंतर अनेक देशांत पुढे आला. न्यूयॉर्क शहरातील प्रकरण यासंदर्भात महत्त्वाचे मानले जाते. तेथे २००४ मध्ये मांडण्यात आलेला बंदीचा प्रस्ताव वर्षभरातच मागे घेण्यात आला आणि अशा बंदीला खुद्द शहर पोलिसांनीच प्रतिकूल मत दिले होते.

न्यूयॉर्कचा प्रस्ताव

११ मार्च २००४ रोजी स्पेनची राजधानी माद्रिद येथे उपनगरी गाड्यांमध्ये झालेल्या बॉम्बस्फोटांत १९१ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर दोन महिन्यांनी, मे २००४ मध्ये, न्यूयॉर्कच्या महानगर वाहतूक प्राधिकरणाने भुयारी रेल्वे व बसमध्ये छायाचित्रण आणि चित्रीकरण यांवर सरसकट बंदी घालण्याचा प्रस्ताव ठेवला. अधिकृत ओळखपत्र असलेले पत्रकार आणि लेखी परवानगी घेतलेल्या व्यक्ती यांनाच त्यातून सूट मिळणार होती. हल्ल्याची पूर्वतयारी करणारे लोक छायाचित्रांचा उपयोग टेहळणीसाठी करू शकतात, अशी त्यामागची भूमिका होती.

योगायोगाने ते या भुयारी रेल्वेचे शताब्दी वर्ष होते. २७ ऑक्टोबर १९०४ रोजी सुरू झालेल्या या रेल्वेचे छायाचित्रकलेशी जुने नाते आहे. वॉकर एव्हन्स यांनी १९३८ ते १९४१ या काळात कोटाखाली कॅमेरा लपवून येथील प्रवाशांची छायाचित्रे काढली. ती १९६६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ब्रूस डेव्हिडसन यांनी १९८० च्या दशकात टिपलेली या रेल्वेची रंगीत छायाचित्रे आज त्या काळातील शहराचा दस्तऐवज समजली जातात.

प्रस्तावाला नागरी हक्क संघटना, छायाचित्रकार आणि रेल्वेप्रेमी यांनी विरोध केला. जून २००४ मध्ये अनेक छायाचित्रकारांनी भुयारी रेल्वेतून एकत्र प्रवास करीत एकमेकांची छायाचित्रे काढून निषेध नोंदवला. लपवून चित्रण करू पाहणाऱ्याला अशा नियमाने रोखता येणार नाही, उलट उघडपणे कॅमेरा वापरणारे पर्यटक मात्र त्यात अडकतील, असा आक्षेप होता. अखेर मे २००५ मध्ये प्राधिकरणाने प्रस्ताव सोडून दिला.

सध्याचा नियम

प्राधिकरणाच्या आचारनियमांनुसार स्थानकांत आणि गाड्यांत छायाचित्रण व चित्रीकरण करण्यास परवानगी आहे. मात्र दिवे, प्रकाश परावर्तक आणि तिपाई यांसारखी जोडसाधने वापरता येत नाहीत. अधिकृत ओळखपत्र असलेल्या पत्रकारांना या अटीतून सूट आहे. या नियमाचे वैशिष्ट्य असे की, त्यात छायाचित्रकाराच्या हेतूचा शोध घ्यावा लागत नाही. गर्दीच्या फलाटावर तिपाईमुळे वाट अडते. तिपाई लावली आहे की नाही, हे पोलीस शिपायाला डोळ्यांनी दिसते. हेतू मात्र डोळ्यांना दिसत नाही.

कागदावरचा नियम आणि प्रत्यक्ष अंमलबजावणी यांत अंतर राहते, हे न्यूयॉर्कमध्येच दिसून आले. भारतीय माहितीपटकार राकेश शर्मा हे मे २००५ मध्ये टॅक्सीचालकांवरील माहितीपटासाठी शहरातील रस्त्यावर हातातील कॅमेऱ्याने चित्रीकरण करीत असताना पोलिसांनी त्यांना ताब्यात घेऊन काही तास चौकशी केली. न्यूयॉर्क सिव्हिल लिबर्टीज युनियन या संघटनेच्या मदतीने त्यांनी जानेवारी २००६ मध्ये दावा दाखल केला. २००७ मध्ये तडजोड झाली आणि चित्रीकरणाच्या परवान्यांविषयी लेखी नियम तयार करण्याचे शहर प्रशासनाने मान्य केले. हे नियम २००८ मध्ये लागू झाले. हे प्रकरण रेल्वेतील नसले, तरी स्पष्ट नियम नसताना केवळ संशयावरून काय घडू शकते, याचे ते उदाहरण आहे.

ब्रिटनचा अनुभव

लंडनमध्ये ७ जुलै २००५ रोजी तीन भुयारी गाड्या आणि एका बसमध्ये झालेल्या आत्मघाती हल्ल्यांत ५२ जणांचा बळी गेला. दहशतवादविरोधी कायदा २००० च्या कलम ४४ अन्वये ठरावीक क्षेत्रात कोणत्याही वाजवी संशयाविना व्यक्तीची झडती घेण्याचा अधिकार पोलिसांना होता. छायाचित्रकारांना अडवण्यासाठीही त्याचा वापर होत असल्याच्या तक्रारी आल्या.

लंडनमध्ये २००३ साली एका शस्त्रास्त्र प्रदर्शनाजवळ झडती घेण्यात आलेल्या दोन व्यक्तींनी, ज्यांत एक महिला पत्रकार होती, युरोपीय मानवाधिकार न्यायालयात दाद मागितली. १२ जानेवारी २०१० रोजी न्यायालयाने हा अधिकार खासगी जीवनाच्या हक्काचा भंग करणारा असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर कलम ४४ चा वापर थांबवण्यात आला आणि २०१२ च्या कायद्याने ते रद्द झाले.

भारतातील स्थिती

भारतात या विषयाची मुळे ब्रिटिशकालीन शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ मध्ये आहेत. या कायद्यानुसार केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे एखादा लोहमार्ग, रस्ता किंवा जलमार्ग ‘निषिद्ध ठिकाण’ म्हणून घोषित करू शकते. म्हणजेच प्रत्येक रेल्वे स्थानक आपोआप निषिद्ध ठरत नाही. चित्रपटांसारख्या व्यावसायिक चित्रीकरणासाठी मात्र रेल्वेची पूर्वपरवानगी आणि शुल्क आवश्यक असते. डिसेंबर २००२ मध्ये सुरू झालेल्या दिल्ली मेट्रोत छायाचित्रणास मनाई करणाऱ्या सूचना प्रवाशांच्या परिचयाच्या आहेत. मोबाइलवर चित्रफिती तयार करणाऱ्यांमुळे २०२३ मध्ये तेथे हा विषय पुन्हा चर्चेत आला. त्या वेळी सुरक्षेपेक्षा सहप्रवाशांची गैरसोय हे कारण पुढे होते.

दोन्ही बाजूंचे युक्तिवाद किती खरे असू शकतात, हे मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातून दिसते. डेव्हिड हेडली याने या हल्ल्यापूर्वी मुंबईत अनेकदा येऊन छत्रपती शिवाजी टर्मिनससह विविध ठिकाणांची पाहणी व चित्रीकरण केले होते. २०१० मध्ये अमेरिकेतील न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला आणि २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. टेहळणीची भीती निराधार नाही, हे यावरून स्पष्ट होते.

त्याच स्थानकात हल्ल्याच्या रात्री ५० हून अधिक लोक मारले गेले. तेथे वृत्तपत्र छायाचित्रकार सेबॅस्टियन डिसूझा यांनी जीव धोक्यात घालून अजमल कसाब याची छायाचित्रे टिपली. ती खटल्यात पुरावा म्हणून सादर झाली आणि डिसूझा यांनी न्यायालयात साक्षही दिली. एकाच वास्तूत कॅमेरा टेहळणीचे साधन ठरला आणि न्यायाचेही.

मूळ प्रश्न

आता जवळपास प्रत्येक प्रवाशाच्या खिशात कॅमेरा असलेला फोन आहे. त्यामुळे सरसकट बंदी अमलात आणणे २००४ पेक्षाही कठीण झाले आहे. अशी बंदी कागदावर राहिली, तर ती कोणावर बजावायची हे फलाटावरील कर्मचाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहते. नियंत्रण कक्षासारख्या संवेदनशील जागा नेमक्या ठरवून तेथे मनाई करणे, इतरत्र धोका किंवा अडथळा निर्माण करणाऱ्या साधनांपुरते निर्बंध ठेवणे आणि ते नियम स्थानकात ठळकपणे लावणे हा मार्ग त्यामुळे अधिक व्यवहार्य ठरतो. अशा नियमामुळे प्रवाशाला आपला हक्क कळतो आणि कर्मचाऱ्यालाही आपल्या अधिकाराची मर्यादा कळते.