हरवलं तर हरवू दे!

घरात मोबाईलला रेंज नसली तरी वाय-फायवरून फोन लागतो, याचं आता कुणाला नवल वाटत नाही. पण मंडळी, यामागे एक जुना वाद आहे.

१९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या टीमने अलोहानेट सुरू केलं. वेगवेगळ्या बेटांवरचे टर्मिनल रेडिओने विद्यापीठातल्या कॉम्प्युटरला जोडले. दोन पॅकेट हवेत आदळली की दोन्ही वाया. मग प्रत्येकाने थोडा वेळ थांबून पुन्हा पाठवायचं. वाय-फायही याच घराण्यातलं.

मजकुराला हे चालतं, बोलण्याला नाही. "हॅलो" दोन सेकंद उशिरा पोचलं तर समोरचा तोवर फोन ठेवून मोकळा!

१९७४ मध्ये आर्पानेटवरून आवाज पाठवण्याचे प्रयोग झाले. त्यातल्या डॅनी कोहेन यांचं म्हणणं सरळ होतं: आवाजाचा एखादा तुकडा हरवला तर हरवू दे, पण उशीर नको. टीसीपीचा हट्ट नेमका उलटा, प्रत्येक तुकडा पोचलाच पाहिजे! शेवटी १९७८ मध्ये टीसीपीपासून आयपी वेगळा काढायचं ठरलं आणि १९८० मध्ये यूडीपी आला. त्याचं काम फक्त पाठवायचं, पोचलं का ते विचारायचं नाही.

स्काईप २००३ मध्ये आलं, २०२५ मध्ये बंदही झालं. इंटरनेटवरचे कॉल मात्र अजून बहुतेक यूडीपीवरच चालतात. वाय-फाय पटकन काही वेळा पुन्हा पाठवून बघतं, नाहीच जमलं तर सोडून देतं. तेव्हा बोलताना एखादं अक्षर गळालं तर चिडू नका. ते अडून बसलं असतं, तर मागची सगळी वाक्यं रांगेत उभी राहिली असती.