समुद्रापलीकडची पेन्शन



वसंत व्याख्यानमालेत इतिहास म्हटला की एखादी लढाई, एखादा किल्ला किंवा एखादा थोर पुरुष कानी पडणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आम्ही मात्र आज म्हाताऱ्या माणसांच्या पेन्शनीचा इतिहास सांगणार आहोत. तोही एका देशात कमावून दुसऱ्या देशात म्हातारपण काढणाऱ्यांचा. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. पगारपत्रके, करारनामे आणि कोर्टाचे निकाल चाळता चाळता जे वाचन झाले, तेवढीच आमची विद्या. जाणत्यांनी सांभाळून घ्यावे.

विषय सुचला तो असा. काही वर्षांपूर्वी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावचे वृद्ध गृहस्थ आमच्या युनियनच्या कचेरीत आले. त्यांना सारे चाचा म्हणत. १९६३ साली ते विलायतेस गेले. लँकेशायरातल्या ब्लॅकबर्न गावी सूतगिरणीत त्यांनी रात्रपाळ्या केल्या; पुढे तिकडच्या गिरण्या बंद पडत गेल्या तेव्हा दुसऱ्या कारखान्यात लागले, आणि मुले मार्गी लागल्यावर गावी परतले. २००४ साली, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, त्यांना इंग्लंडची सरकारी पेन्शन सुरू झाली. हयातीच्या दाखल्यावर साक्षीदाराची सही हवी, ती कोणाची चालेल, एवढेच विचारायला ते आले होते. कागद भरता भरता म्हणाले, "भाऊ, ब्लॅकबर्नला माझ्या शेजारच्या साच्यावर जो होता, त्याची पेन्शन दरसाल वाढते. माझी पहिल्या दिवशी होती तेवढीच आहे. माझ्या वर्गणीचे पौंड हलके होते काय?"

त्या दिवशी आम्हांस उत्तर देता आले नाही. पुढे जे वाचले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

निवृत्त माणसाने परदेशी जाऊन राहावे, ही गोष्ट नवी नाही. वॉटर्लूच्या लढाईनंतर, १८१५ साली, इंग्लंडच्या फौजेतले आणि आरमारातले पुष्कळ अधिकारी अर्ध्या पगारावर घरी बसवण्यात आले. तेवढ्यात लंडनला इभ्रतीने राहणे कठीण. तेव्हा त्यांतले कितीतरी जण बायकामुलांसह खाडी ओलांडून फ्रान्सात बूलोन, कॅले अशा गावी, नाहीतर बेल्जममध्ये ब्रूजला जाऊन राहिले. घरभाडे स्वस्त, दारू स्वस्त, मोलकरीण स्वस्त. आणि लंडनचा सावकार तिथवर सहसा पोचत नसे. पैसा महाग देशातला आणि खर्च स्वस्त देशातला, हे परदेशी म्हातारपणाचे साधे गणित तेव्हापासून चालत आले आहे.

दुसरा नमुना आपल्या अधिक ओळखीचा आहे. इंग्रजी अमदानीत सिव्हिल सर्व्हिसचा गोरा अधिकारी नोकरीची मुदत संपली की मायदेशी परते आणि चेल्टनहॅमसारख्या गावी बंगला घेऊन राही. त्याची पेन्शन वर्षाला १,००० पौंड, आणि ती निघे हिंदुस्थानच्या तिजोरीतून. म्हणजे पैसे देणाऱ्या देशाच्या दृष्टीने तोही परदेशी राहणारा पेन्शनरच! ही पेन्शन पौंडांत ठरलेली होती. १८७० च्या सुमारास रुपया जवळजवळ दोन शिलिंगांचा होता. तेव्हा १,००० पौंडांना दहा हजार रुपयांच्या आसपास लागत. पुढे चांदी उतरली. १८९४-९५ साली रुपया तेरा पेन्सांच्या घरात आला, आणि त्याच १,००० पौंडांना अठरा हजारांवर रुपये मोजावे लागू लागले. साहेबाच्या चहाच्या पेल्यात एक थेंब कमी पडला नाही. वाढीव आठ हजार रुपये इथल्या शेतसाऱ्यातून आणि मिठावरच्या करातून निघाले. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या ज्या वाहत्या ओढ्यावर जन्मभर बोट ठेवले, त्या ओढ्याचा एक पाट हा होता.

आणि स्वराज्य आल्यावर काय झाले? आम्हांस वाटले होते की त्या दिवशी ही पेन्शन बंद पडली असेल. तसे झाले नाही. महायुद्धात हिंदुस्थानने पुरवलेल्या मालापोटी आपले पौंड लंडनमध्ये साठले होते. १९४८ च्या समझोत्यात त्यांतून सुमारे १६ कोटी ८० लाख पौंड, म्हणजे त्या वेळच्या भावाने सव्वादोनशे कोटी रुपयांच्या घरात, या पेन्शनींच्या तरतुदीसाठी इंग्लंडच्या सरकारकडे एकरकमी देण्यात आले. फाळणीच्या जखमा ताज्या, निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या, धान्याची टंचाई. तरी ज्यांनी आपल्या पुढाऱ्यांना तुरुंगात घातले त्यांच्याही म्हातारपणाची सोय या गरीब देशाने केली. करार तो करार! ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी, कारण तिच्या उजेडात पुढची गोष्ट वाचायची आहे.

आता कामकऱ्याच्या पेन्शनीकडे येऊ. इंग्लंडात म्हाताऱ्या गरिबाला सरकारने पेन्शन द्यावी, असा कायदा १९०८ साली झाला. वय सत्तर, रक्कम आठवड्याला पाच शिलिंग, आणि पैसे पोस्टात मिळायचे. १९२५ साली वर्गणीची पेन्शन आली. वय पासष्टावर आले, रक्कम दहा शिलिंग झाली. महायुद्ध चालू असता, १९४२ साली, बेव्हरिज यांचा प्रसिद्ध अहवाल निघाला, आणि मजूर पक्षाच्या सरकारने केलेला राष्ट्रीय विम्याचा कायदा ५ जुलै १९४८ पासून अमलात आला. एकट्या माणसाला आठवड्याला २६ शिलिंग. योगायोग पाहा: ज्या महिन्यात हा कायदा अमलात आला, त्याच महिन्यात साहेबांच्या पेन्शनींचा तो समझोताही झाला.

या विम्याची वर्गणी कामगाराच्या पगारातून कापली जाते, मालकही आपला वाटा भरतो. कामगार निवृत्त होऊन परदेशी गेला तरी पेन्शन तिथे पाठवली जाते. मात्र दरसालची वाढ सगळीकडे मिळत नाही. युरोपातल्या बहुतेक देशांत मिळते. अमेरिकेत मिळते. तुर्कस्थान, इस्रायल, फिलिपिन्स, जमैका, बार्बाडोस, मॉरिशस येथे मिळते, कारण त्या देशांशी तसे करार आहेत. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, पाकिस्तान आणि आपला भारत येथे मिळत नाही. नायगाऱ्याच्या धबधब्याच्या एका काठाला अमेरिका, दुसऱ्या काठाला कॅनडा. एकाच कारखान्यात जन्म घालवलेले दोन इंग्रज दोन काठांवर राहिले, तर एकाची पेन्शन दरसाल वाढते आणि दुसऱ्याची गोठलेली राहते. तिकडे या पेन्शनीला गोठलेली पेन्शन असेच नाव पडले आहे. असे पेन्शनर लाखांनी आहेत, आणि त्यांतले बहुतेक ऑस्ट्रेलिया-कॅनडात आहेत.

चाचांचा हिशेब असा. २००४ साली इंग्लंडची पूर्ण मूळ पेन्शन आठवड्याला ७९.६० पौंड होती. २०२५ च्या एप्रिलात ती १७६.४५ पौंड झाली. चाचांची वर्गणीची वर्षे थोडी कमी, म्हणून त्यांना सत्तरच्या आसपास मिळू लागले आणि तेवढेच राहिले. ब्लॅकबर्नलाच राहते तर ते १५५ च्या घरात गेले असते. कोणी म्हणेल, रुपया घसरला, त्याचा चाचांना फायदाच झाला. खरे आहे. तेव्हा पौंड ऐंशी रुपयांच्या घरात होता, २०२५ साली एकशेदहाच्या पुढे गेला. म्हणजे आठवड्याला पावणेसहा हजार होते ते पावणेआठ हजारांपर्यंत गेले. पण याच काळात आपल्याकडची महागाई तिपटीवर गेली. गोळ्यांची पाकिटे, रिक्षाचे भाडे आणि मासळी पौंडाचा भाव विचारीत नाहीत.

या अन्यायाविरुद्ध कोणी लढले नाही असे नव्हे. ॲनेट कार्सन नावाच्या बाईंनी जन्माची बहुतेक नोकरी इंग्लंडात केली, पूर्ण वर्गणी भरली, आणि १९९० च्या सुमारास त्या दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झाल्या. तिथूनही त्या स्वखुशीने वर्गणी भरत राहिल्या. २००० साली त्यांची मूळ पेन्शन ६७.५० पौंडांवर सुरू झाली आणि तिथेच गोठली. त्या कोर्टात गेल्या. २००५ साली लंडनच्या लॉर्ड्‌सच्या सभागृहात हरल्या. मग आणखी बारा जणांसह स्ट्रासबूरच्या मानवी हक्कांच्या न्यायालयात गेल्या. १६ मार्च २०१० रोजी तिथल्या सतरा न्यायाधीशांपैकी अकरांनी त्यांच्या विरुद्ध आणि सहांनी त्यांच्या बाजूने कौल दिला.

हा निकाल आम्ही चिडून वाचायला घेतला होता. पण विरुद्ध बाजूचे म्हणणे समजून घेतल्याशिवाय वाटाघाटीस बसू नये, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम आहे. न्यायाधीशांचे म्हणणे थोडक्यात असे की, राष्ट्रीय विम्याची वर्गणी म्हणजे बँकेत ठेवलेली ठेव नव्हे. आज काम करणाऱ्यांची वर्गणी आजच्या म्हाताऱ्यांना वाटली जाते; कोणाच्या नावाची वेगळी थैली नसते. ही सारी व्यवस्था इंग्लंडात राहणाऱ्यांच्या गरजा आणि तिथली महागाई पाहून आखलेली आहे. बाहेरच्या देशांची महागाई निराळी, चलन निराळे. म्हणून दोघांची स्थिती सारखी मानता येत नाही. सरकारचे म्हणणे याहून सरळ होते: सगळ्यांना वाढ द्यायची तर खर्च फार येतो.

पहिला मुद्दा वजनदार आहे, हे आम्ही मान्य करतो. पण मग अमेरिकेतल्या म्हाताऱ्याला वाढ कशी मिळते? तिथली महागाई आणि चलन इंग्लंडचेच आहे काय? उत्तर एकच. तिथे करार झाला, इथे झाला नाही.  शिवाय, मत नसलेल्या माणसाचे गाऱ्हाणे कोण ऐकतो? पंधरा वर्षांहून अधिक काळ परदेशी राहिलेल्या ब्रिटिश नागरिकाला पार्लमेंटच्या निवडणुकीत मतही नव्हते. ती अट २०२४ च्या जानेवारीत उठली.

वाढ मिळणाऱ्यांचे तरी सारे सुखाचे असते असे समजू नये. स्पेनच्या किनाऱ्यावर, मालागा-आलिकांते भागात, इंग्रज पेन्शनरांची गावेच्या गावे वसली आहेत. ऊन भरपूर, घर स्वस्त, दवाखान्याचे बिल कागद दाखवला की इंग्लंडचे सरकार भरणार. पण पेन्शन पौंडांत आणि भाजी युरोत. २००७ साली एका पौंडाला जवळजवळ दीड युरो मिळत होता; २००८ च्या अखेरीस एकाला एक अशी पाळी आली. पेन्शन कागदावर होती तेवढीच, आणि पिशवीतली भाजी मात्र एकतृतीयांश कमी! १८९४ साली असाच रुपया घसरला तेव्हा साहेबाला झळ लागली नाही, कारण ती सोसायला हिंदुस्थानचा शेतकरी होता. स्पेनमधल्या निवृत्त ड्रायव्हरच्या मागे असा कोणी उभा नाही.

पेन्शन म्हणजे सरकारने घातलेली भीक नव्हे; ती मागे ठेवलेली मजुरी आहे, असे आम्ही सभांतून सांगत आलो. ते आम्ही आजही सांगतो. पण या इतिहासाने त्यात एक भर घातली. मजुरी किती मागे ठेवली, एवढे विचारून भागत नाही. ती कशी वाढणार आणि कोठे पोचणार, हेही करारात लिहून घ्यावे लागते. साहेबाने ते लिहून घेतले होते, आणि ते पाळून घेण्याची सत्ताही त्याच्याच हाती होती. गिरणीकामगाराने लिहून घेतले नाही. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

आणि ही केवळ विलायतेची कथा आहे असे कोणी समजू नये. आपल्याकडच्या कारखान्यांतील कामगारांसाठी १९९५ साली जी पेन्शन योजना आली, तिची महागाईशी सांगड घातलेली नव्हती. तिच्यात २०१४ साली किमान पेन्शन महिना १,००० रुपये ठरली, ती पुढे दहा वर्षांनीही १,०००च होती. म्हणजे समुद्र न ओलांडता, आपल्याच गावी, आपल्याच आळीत, पेन्शन गोठते. आज या मंडपात बसलेल्यांपैकी काहींच्या खिशात तिचे पासबुक असेल.

चाचांना आम्ही नंतर हे सारे समजावून सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे पौंड हलके नव्हते. कागद हलका होता." मग त्यांनी पुढच्या दाखल्याची तारीख आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहायला लावली, कारण तो कागद वेळेवर पोचला नाही तर आहे तीही पेन्शन थांबते.