ओलीस मुलगा आणि मोठी सनद



एका कामगार-संघटकाने मध्ययुगीन युरोपातील उमरावावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. मालकांशी भांडण्यात ज्याची तीस वर्षे गेली, त्याला सरदारांचे कौतुक कशाला, असे माझ्या सहकाऱ्यांनीच मला विचारले. माझे शालेय शिक्षण नववीपर्यंत. पुढचे सारे शिक्षण पाळी संपल्यावर वाचनालयात झाले. तेथे मॅग्ना कार्टा या सनदेविषयी वाचीत असता विल्यम मार्शल हे नाव पुनःपुन्हा समोर येऊ लागले. करार होणे आणि करार टिकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मी कारखान्याच्या दारात शिकलो होतो. तोच धडा मला आठशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात सापडला.

गोष्ट सुरू होते ११५२ साली. स्टीफन राजा आणि त्याची चुलत बहीण… म्हणजे आत्याची नव्हे, मामाची मुलगी मॅटिल्डा, यांच्यात गादीसाठी यादवी माजली होती. विल्यमचा बाप जॉन मार्शल मॅटिल्डाच्या पक्षाचा. राजाने न्यूबरीचा किल्ला वेढला, तेव्हा जॉनने तहाची मुदत मागितली आणि ओलीस म्हणून पाचसहा वर्षांचा विल्यम राजाच्या स्वाधीन केला. मुदत मिळताच त्याने किल्ल्यात माणसे आणि धान्य भरून घेतले. शब्द मोडला तर मुलगा फासावर जाईल, असे राजाने बजावले. यापेक्षा चांगले मुलगे घडविण्यास लागणारी ऐरण आणि हातोडे आपल्यापाशी आहेत, असे बापाने उलट कळविले! पोराला फासाकडे नेत असता ते एका सरदाराच्या हातातला भाला खेळायला मागू लागले. राजाचे मन द्रवले आणि पोर वाचले. पुढे तंबूत राजा त्याच्याशी गवताच्या काड्यांचा खेळ खेळत बसे.

ही हकीकत ज्या काव्यात आहे ते विल्यमच्या मृत्यूनंतर त्याच्या थोरल्या मुलाने लिहवून घेतले. जुन्या फ्रेंच भाषेत त्याच्या १९,२१४ ओळी आहेत. १८६१ साली लंडनच्या एका लिलावात पॉल मेयर या फ्रेंच पंडिताने ते हस्तलिखित पाहिले. मग वीस वर्षे ते त्याच्या हाती लागले नाही. १८९१ ते १९०१ या काळात ते छापून झाले. घरच्यांनीच लिहवून घेतलेले चरित्र हे. आपल्या बखरींप्रमाणे ते पारखूनच घेतले पाहिजे. पण बापाने शब्द मोडला हे घरच्यांनी लपविले नाही, याची नोंद आपण करावी.

विल्यम हा बापाचा चौथा मुलगा. वतनातले काही त्याच्या वाट्यास आले नाही. नॉर्मंडीत एका नातलगाच्या पदरी राहून तो लढाईची विद्या शिकला आणि सामन्यांच्या मैदानात पोट भरू लागला. त्या काळचे सामने म्हणजे मैलोगणती पसरलेली, नियमांनी बांधलेली लढाईच. हरलेल्याचा घोडा आणि चिलखत जिंकणाऱ्याचे, वर खंडणी निराळी. विल्यमने एका जोडीदाराशी नफ्यात भागी केली आणि एका हंगामात दोघांनी मिळून १०३ सरदार पकडले, असे काव्य सांगते. एकदा बक्षीस देण्यासाठी लोक त्याला शोधीत गेले, तो हा लोहाराच्या भात्यापाशी ऐरणीवर डोके ठेवून बसलेला! मार खाऊन शिरस्त्राण इतके चेपले होते की लोहाराने ठोकल्यावाचून ते निघेना.

११७० पासून तो दुसऱ्या हेन्रीच्या मुलाचा, युवराज हेन्रीचा, शस्त्रगुरू होता. ११८३ साली युवराज वारला. त्याचा जेरुसलेमच्या यात्रेचा नवस विल्यमने फेडला. ११८९ साली म्हाताऱ्या राजाच्या बाजूने लढताना त्याने बंडखोर राजपुत्र रिचर्डचा घोडा ठार केला. राजपुत्राला मात्र सोडले. काही दिवसांतच रिचर्ड राजा झाला आणि त्याने सूड घेण्याऐवजी विल्यमचा विवाह इझाबेल द क्लेअर हिच्याशी करून दिला. ती सुमारे सतरा वर्षांची, हा चाळिशी ओलांडलेला. तिच्या पायाने वेल्समधील चेपस्टो आणि आयर्लंडातील लेन्स्टर अशी मोठी वतने घरात आली. ती लेन्स्टरच्या राजाची नात होती. आयर्लंड सोडून जाताना विल्यमने तेथील सरदारांना सांगितले की, तुमची खरी मालकीण ही आहे, माझे जे काही आहे ते हिच्यामुळे. त्यांना पाच मुलगे आणि पाच मुली झाल्या.

पुढे जॉन राजा झाला. तो कोणावरच विश्वास ठेवीत नसे. त्याने विल्यमचे दोन मुलगे ओलीस म्हणून मागून घेतले. जो स्वतः ओलीस होता, त्यालाच आपली मुले द्यावी लागली. ती पुढे सुटली. विल्यमने या अवधीत शब्द मोडला नाही.

१५ जून १२१५. थेम्सकाठी रनीमीडच्या कुरणात उमरावांनी जॉनला सनद मान्य करावयास लावली. विल्यम राजाच्या बाजूस, तर सनदेवर पहारा ठेवणाऱ्या पंचवीस उमरावांत त्याचा थोरला मुलगा! घराणे दोन्हीकडे ठेवण्याचा धोरणीपणा यात असेलही. २४ ऑगस्टला पोपने सनद रद्द ठरविली. कारण दिले की, ती धाकाने आणि जबरीने घेतली होती. मित्रहो, हे वाक्य मी ओळखतो. एका संपानंतर सही झालेल्या कराराविषयी नवा व्यवस्थापक सहा महिन्यांनी आम्हांला हेच म्हणाला होता.

युद्ध पेटले. ऑक्टोबर १२१६ मध्ये जॉन वारला. फ्रान्सच्या राजपुत्राने, लुईने, लंडन घेतलेले, खजिना रिकामा, गादीवर नऊ वर्षांचा हेन्री. सत्तरीच्या विल्यमला कारभारी नेमले. १२ नोव्हेंबरला ब्रिस्टल येथे त्याने रद्द झालेली सनद पुन्हा जारी केली. बालराजाला शिक्का नव्हता, म्हणून तिच्यावर विल्यमचा आणि पोपच्या वकिलाचा शिक्का पडला. पंचवीस जणांच्या पहाऱ्याचे कलम मात्र त्याने गाळले.

कोणी म्हणेल, ही तर अडचणीतली युक्ती. शत्रूचे सरदार फोडण्यासाठी केलेली. खरे आहे. पण २० मे १२१७ रोजी लिंकनची लढाई विल्यमने स्वतः घोड्यावर बसून जिंकली, ऑगस्टमध्ये सँडविचजवळ फ्रेंच आरमार बुडाले, आणि लुई मायदेशी परतला. आता कोणाचा धाक नव्हता. तरीही नोव्हेंबरमध्ये सनद तिसऱ्यांदा निघाली आणि तिच्यासोबत जंगलाची सनद निघाली. राजाच्या हरणासाठी यापुढे कोणाचा जीव वा अवयव जाणार नाही, असे तिने ठरविले. तिची शेवटची कलमे १९७१ पर्यंत इंग्लंडच्या कायद्यात होती. या धाकट्या सनदेपासून वेगळी ओळखावी म्हणूनच पहिलीला 'मोठी' हे नाव पडले. गरजेपोटी केलेली सही ही कराराची परीक्षा नव्हे. जिंकल्यावर केलेली सही ही परीक्षा होय.

मला त्याचा पुतळा उभारावयाचा नाही. सनदेतील बहुतेक हक्क 'स्वतंत्र' माणसांचे होते. जमिनीला जखडलेल्या भूदासांच्या पदरी फार थोडे पडले. लिंकन जिंकल्यावर सैन्याने ते शहर लुटले, त्याची झळ सामान्यांनाच लागली. आयर्लंडातील फर्न्सच्या बिशपची जमीन विल्यमने दाबली होती आणि ती मरेपर्यंत परत केली नाही.

१४ मे १२१९ रोजी कॅव्हरशॅम येथे तो वारला. अखेरच्या दुखण्यात एका कारकुनाने सुचविले की, कोठीतले भारी पोशाख विकून ते धन आत्म्याच्या शांतीसाठी द्यावे. विल्यम संतापला. पेन्टेकॉस्टचा सण जवळ आला होता आणि त्या सणाला पदरच्या सरदारांना पोशाख देण्याचा रिवाज होता. ते त्यांना मिळालेच पाहिजेत, असे त्याने बजावले. दिवाळीचा बोनस 'यंदा जमणार नाही' हे ऐकण्याची सवय असलेल्या मला हा मरणोन्मुख म्हातारा एकदम जवळचा वाटला.

पाचही मुलगे एकामागून एक अर्ल झाले आणि १२३१ ते १२४५ या काळात औरस संततीवाचून वारले. लोक म्हणत, बिशपचा शाप भोवला. वतने पाच मुलींच्या वारसांत वाटली गेली. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस हा त्यांपैकीच एकीचा वंशज. किल्ले पडले, नाव बुडाले. बापाने ज्याला शब्दाच्या बदल्यात गहाण टाकले आणि शब्दही मोडला, त्या मुलाने म्हातारपणी दुसऱ्यांनी मोडलेला शब्द दोनदा उभा केला. कायद्यावाचून स्वतंत्र माणसाला कैद करू नये, हे त्या सनदेतील कलम इंग्लंडात आजही लागू आहे. करारावर सही करणारे पुष्कळ असतात. तो मोडल्यावर पुन्हा लिहावयास बसणारा एखादाच असतो. आपल्या संघटनांत, नगरपालिकांत आणि घरांत अशी माणसे निपजोत, एवढेच मागणे मागून मी आपली रजा घेतो.