काळा पाषाण, काळी माती : शिरोळच्या भूमीचा इतिहास

१. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात आलेल्यांची नजर स्वर्गमंडपाच्या खांबांवर आणि गजपीठावरील हत्तींवर खिळते. भोवतालच्या शेतांकडे ती क्वचितच वळते. वास्तविक हे शिल्प ज्या काळ्या पाषाणात कोरले आहे, त्याच जातीच्या पाषाणाची झीज होऊन शिरोळ तालुक्याची काळी माती घडली. आज धोक्यात आहे ती ही माती.

२. या पाषाणाचे नाव बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडल्या, लाव्हारस वाहिला आणि थरावर थर साचून थंड झाले. सह्याद्रीच्या रांगा आणि पन्हाळ्याचा डोंगर या थरांचेच अवशेष होत.

३. खडक एकच, पण पावसाने त्याचे दैव बदलले. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेस, राधानगरी-शाहूवाडीच्या माथ्यांवर, मुसळधार पाऊस विरघळणारी द्रव्ये धुऊन नेतो. मागे लोह व ॲल्युमिनियम उरून जांभा आणि बॉक्साइट तयार होतात. पूर्वेकडील शिरोळात पाऊस बेताचा. तेथे चुना व क्षार जमिनीतच राहतात आणि ओली होताच फुगणारी, उन्हात भेगाळणारी चिकण माती बनते. कृष्णा-पंचगंगेचे पूर तिच्यावर गाळ चढवत आले आहेत.

४. या मातीचे मोल मध्ययुगीन राजेही जाणत होते. कोपेश्वराच्या दक्षिण दरवाजाजवळ यादव राजा सिंघण याचा शके ११३६ चा देवनागरी लेख आहे. देवाच्या पूजेसाठी गाव दान दिल्याची त्यात नोंद आहे. दान कोरले दगडावर, पण नित्यपूजेचा खर्च भागणार होता तो गावाच्या जमिनीतून.

५. विसाव्या शतकात या जमिनीला बारमाही पाणी मिळू लागले. शाहू महाराजांनी आरंभिलेले राधानगरीचे धरण स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले. नदीकाठी उपसा सिंचन योजना आल्या, ऊस वाढला, सहकारी साखर कारखाने उभे राहिले. तालुक्याच्या समृद्धीचा पाया हाच.

६. परंतु चिकण माती पाणी सहज खाली सोडत नाही. अतिरिक्त पाण्याने भूजलाची पातळी वर येते. पाणी वाफ होऊन उडते, क्षार पृष्ठभागावर उरतात. ही क्षारपड जमीन. पुढे सोडियम मातीच्या कणांना चिकटला की कण विखुरतात, छिद्रे बुजतात, हवा-पाणी खेळेनासे होते. तिला शेतकरी चोपण म्हणतात. शिरोळच्या नदीकाठचे मोठे क्षेत्र असे नापीक झाले आहे.

७. हा इशारा जुना आहे. पुणे जिल्ह्यात नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि काही दशकांतच बारामती परिसरातील जमिनी खारावल्या. पुणे कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. कालव्याइतकाच निचराही आवश्यक असतो, हा त्या अनुभवाचा धडा. पाटांचे जाळे मात्र वाढत गेले आणि निचऱ्याच्या चरांकडे दुर्लक्ष झाले.

८. उपाय पुन्हा खनिजातच आहे. जिप्सममधील कॅल्शियम मातीच्या कणांवरील सोडियमची जागा घेतो. मात्र सुटलेला सोडियम वाहून जाण्यास वाट हवी. त्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाइप पुरावे लागतात. पाण्याला बांध ठाऊक नसल्याने एकट्या शेतकऱ्याचा प्रयत्न अपुरा पडतो आणि शेजाऱ्यांना एकत्र यावे लागते. शिरोळच्या श्री दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी अशा सामूहिक योजना हाती घेतल्या आणि पडीक रानांत पुन्हा पीक उभे राहिले.

९. कोपेश्वराचा पाषाण आठ शतके टिकला. त्याच जातीच्या खडकातून घडलेली माती बिघडण्यास एका पिढीचे पाणी पुरले. खिद्रापूरला जाल तेव्हा वाटेवरील पांढुरकी रानेही पाहा. तीही इतिहासाचीच साधने आहेत.