गिऱ्हाइकांची वही कोणाची?

दुकान एका गावात, गिऱ्हाईक शंभर कोसांवर, दोघांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही, आणि तरी माल पोचतो, पैसे मिळतात. छोट्या धंद्याला ही वाट फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपने खुली करून दिली असे आज सर्रास म्हटले जाते. मराठी मुलखातल्या व्यापाराचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. ही वाट शंभराहून अधिक वर्षे वापरात आहे आणि ती बांधली टपालखात्याने. १८५४ साली पत्राला अंतराप्रमाणे आकार लावण्याची पद्धत बंद झाली. पत्र शेजारच्या गावी जावो की कलकत्त्याला, दर वजनावर ठरू लागला. १८७७ साली व्ही.पी.ची सोय आली. पोस्टमनने पार्सल दारात आणायचे, पैसे मोजून घ्यायचे आणि ते पाठवणाऱ्याच्या हाती पोचवायचे. १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले, आणि १८८० पासून पोस्टातून मनिऑर्डर करता येऊ लागली. अवघ्या तीन-चार वर्षांत जमलेल्या या शेवटच्या तीन सोयींनी पनवेल, कराड किंवा बेळगावच्या एका खोलीतल्या धंद्याला साऱ्या हिंदुस्थानची बाजारपेठ दाखवली. माल विकण्यासाठी पेढ्या आणि आडते नेमण्याइतके भांडवल ज्यांच्याजवळ नव्हते, त्यांना याचा सर्वांत मोठा आधार झाला.

टपालाच्या जोडीला छापखाना आला आणि जाहिरातीची एक खास मराठी घडण तयार झाली. जुन्या नियतकालिकांची शेवटची पाने चाळली तर औषधे, केशतेले, पेट्या, घड्याळे, पुस्तके यांच्या जाहिराती दाटीने बसलेल्या दिसतात. १८७२ साली पनवेलला कृष्णशास्त्री पुराणिकांनी सुरू केलेल्या धूतपापेश्वरसारखे आयुर्वेदिक कारखाने याच काळात वाढले. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, आणि दिवाळी अंक हे मराठी साहित्याइतकेच मराठी व्यापाराचेही वार्षिक ठिकाण झाले. या जाहिरातींची भाषा बघावी. माल विकत घ्या एवढे सांगून त्या थांबत नाहीत. कार्ड टाका, माहितीपत्रक मोफत पाठवू, व्ही.पी.ने मागवा, असे त्यांचे सांगणे असते. कारण गिऱ्हाइकाचे कार्ड आले म्हणजे त्याचे नाव आणि पत्ता आला. तो पत्ता दुकानाच्या वहीत चढला की पुढचे माहितीपत्रक, नव्या मालाची बातमी, सणाची सवलत, सगळे थेट त्या घरी जाई. मधे वर्तमानपत्राची गरज उरत नसे. जाहिरातीवर खर्च केलेल्या पैशाचे खरे फळ म्हणजे ही वही. माल एकदा विकला जाई, वही वर्षानुवर्षे कामाला येई.

गिऱ्हाइकाशी थेट बोलत राहण्याच्या या पद्धतीचा सर्वांत भक्कम पुरावा किर्लोस्करवाडीचा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा धंदा १८८८ साली बेळगावला सायकलच्या दुकानापासून सुरू झाला. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा शेतकरी तो घ्यायला तयार होईनात. लोखंडाने जमीन नासते असा समज होता. नांगर कितीही चांगला असला तरी हा समज किंमत उतरवून जाणार नव्हता. त्यासाठी शेतकऱ्याशी पुन्हा पुन्हा, धीराने बोलत राहणे भाग होते. १९१० साली औंध संस्थानच्या अधिपतींनी जागा दिली आणि कुंडलच्या माळावर कारखान्याची वसाहत, किर्लोस्करवाडी, उभी राहिली. जाहिरातीचे काम लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांच्याकडे आले. ते चित्रकलेचे शिक्षण घेतलेले होते, आणि माणूस काय बघतो, कशाने थांबतो याची त्यांना जाण होती. १९२० साली त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढले. कारखान्याची हालचाल, नव्या यंत्रांची माहिती आणि गिऱ्हाइकांशी बोलणे हा त्याचा मूळ हेतू होता. पण निव्वळ कारखान्याचे गुणगान कोणी महिनोन्महिने वाचत नाही, हे त्यांनी लवकर ओळखले. मग उद्योगधंद्याच्या गोष्टी आल्या, समाजसुधारणेचे लेख आले, चित्रे आली, ‘टाकांच्या फेकी’ ही व्यंगचित्रे आली. १९२९ साली नावातला ‘खबर’ गळला. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ निघाले, आणि सावरकरांच्या विज्ञाननिष्ठ निबंधांपासून स्त्रियांच्या प्रश्नांपर्यंत मोठी वैचारिक उलाढाल नांगराच्या कारखान्याने काढलेल्या मासिकांतून झाली. आजचे सल्लागार छोट्या उद्योजकाला सांगतात, की आधी वाचण्या-बघण्याजोगे काही द्या, विश्वास बसू द्या, विक्री मागून येईल. किर्लोस्करवाडीने हे शंभर वर्षांपूर्वी करून दाखवले होते, तेही अधिक निष्ठेने, कारण तिथे मजकूर हा गळ नव्हता. शंकररावांचा त्या मजकुरावर विश्वास होता.

असे करणारे किर्लोस्कर एकटेच नव्हते. मुंबईत १८९३ साली अमृतांजन सुरू करणाऱ्या काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी गाण्याच्या मैफलींत बामाच्या डब्या फुकट वाटल्या, आणि पुढे मुंबईतूनच ‘आंध्र पत्रिका’ हे तेलुगू साप्ताहिक काढले. मळवलीला हललेल्या रविवर्मा छापखान्याच्या देवादिकांच्या चित्रांनी घराघरांतल्या भिंती भरल्या, आणि त्याच चित्रांखाली दुकानाचे नाव आणि वर्षाच्या तारखा छापण्याची चाल पडली. कापडवाल्याने किंवा किराणावाल्याने दिलेले कॅलेंडर बारा महिने स्वयंपाकघरात लटके आणि दूधवाल्याचा हिशेब त्याच्यावरच मांडला जाई. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ आणले आणि पानामागच्या पाककृती, आरोग्य आणि साहित्याच्या मजकुराने कॅलेंडर विकत घेण्याजोगी वस्तू केली. गावातल्या दुकानदाराजवळ याखेरीज दवंडी, भिंतीवरची रंगवलेली अक्षरे, वर्तमानपत्रात घालून वाटलेली हँडबिले आणि सिनेमाच्या मध्यंतरातल्या स्लाइडी होत्या. पण ही साधने ओरडून निघून जाणारी. त्यांतून वही तयार होत नसे.

आजची साधने या परंपरेत नेमकी कुठे बसतात, हे पाहिले की त्यांचे बळ आणि उणीव दोन्ही कळतात. मजकुराने लक्ष वेधणे, थेट बोलणे, घरपोच माल देऊन दारात पैसे घेणे, हे सारे जुनेच आहे. नवी आहे ती वहीची मालकी. टपालखाते एरवी धंद्याचे पत्र उघडून बघत नसे, कोणाचे कार्ड आधी पोचवायचे आणि कोणाचे पिशवीच्या तळाशी ठेवायचे असे ठरवत नसे, आणि गिऱ्हाइकाचा पत्ता स्वतःजवळ ठेवून तो दुकानदाराला पुन्हा विकत नसे. फेसबुकच्या पानावर दहा हजार माणसे जोडली तरी ती यादी फेसबुकची असते. पानावर टाकलेला मजकूर सरासरीने जोडलेल्यांपैकी सुमारे १६ टक्के लोकांपर्यंत जातो, असे कंपनीनेच २०१२ साली सांगितले होते. जानेवारी २०१८ मध्ये तिने जाहीर केले, की यापुढे घरच्यांच्या आणि मित्रांच्या मजकुराला पुढची जागा मिळेल. म्हणजे ज्याने वर्षानुवर्षे खपून माणसे जोडली, त्याला त्याच माणसांपर्यंत पोचायला पैसे भरणे भाग झाले. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. बंदीच्या कारणांबद्दल इथे वाद घालायचा नाही. पण त्या ॲपवर साड्या, दागिने, मसाले दाखवून ज्यांनी गिऱ्हाईक जमवले होते, त्यांची सारी वही एका रात्रीत गेली. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास एकदम बंद पडले, तेव्हा दुकान, फलक आणि हिशेबाचे बोलणे तिन्ही एकाच घरमालकाकडे भाड्याने असण्याचा अर्थ अनेकांना कळला.

यावर पहिला आक्षेप असा, की मी जुन्या काळाचे गोडवे गातो आहे. आक्षेपात तथ्य आहे, आणि ते मोठे आहे. १९११ च्या जनगणनेत हिंदुस्थानातली साक्षरता जेमतेम सहा टक्के होती आणि स्त्रियांमध्ये ती शंभरात एकीच्या आसपास. छापील शब्दावर उभा राहिलेला तो बाजार शिकलेल्यांचा, म्हणजे बहुतांशी वरच्या जातींतल्या पुरुषांचा होता. जाहिरातीला पैसे लागत, मजकूर लिहायला शाळा लागे. आज बचतगटातली बाई हातातल्या फोनवर चटणीचा व्हिडिओ काढते, लिहिण्यावाचून बोलून माल सांगते, आणि एक पैसा न भरता पन्नास घरांत पोचते. हे ‘खबर’च्या जमान्यात अशक्य होते. इतका दरवाजा उघडणाऱ्या साधनाला कमी लेखणे अन्याय होईल. पण दरवाजा उघडला एवढ्याने आतली जागा कोणाच्या नावावर, हा प्रश्न मिटत नाही. उलट ज्या बाईजवळ दुसरे भांडवल नाही, तिच्या बाबतीत तो अधिक निकडीचा होतो. मोठी कंपनी नवा मंच उभारू शकते, ती बाई शकत नाही.

दुसरा आक्षेप फसवणुकीचा. टपालाने काहीच चाळले नाही म्हणून काय काय पोचले, तेही बघा, असे कोणी म्हणेल. खरेच आहे. व्ही.पी.चे पार्सल पैसे दिल्यावरच उघडता येई, आणि आत काय निघेल याची हमी नव्हती. रामबाण औषधांच्या जाहिरातींनी इतका कहर केला, की १९५४ साली संसदेला आक्षेपार्ह औषधी जाहिरातींविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. मात्र तो इलाज कोणी केला हे महत्त्वाचे आहे. तो संसदेने उघड चर्चेने केला, कायदा छापील होता, आणि ज्याच्यावर खटला झाला त्याला कोर्टात उत्तर देण्याची सोय होती. आजचा क्रम लावणारे गणित कंपनीच्या आत बनते आणि बदलते. पान अचानक बंद झाले तर गाऱ्हाणे नेण्याजोगे टपाल कचेरीसारखे ठिकाणही बहुतेकांना सापडत नाही. शिवाय त्या गणिताने खोटी औषधे आणि खोटे दागिने थांबले आहेत असेही दिसत नाही. पैसे घेऊन केलेली शिफारस तशी ठळकपणे सांगावी, असे नियम जाहिरात मानक परिषदेला २०२१ साली करावे लागलेच.

राहतो तिसरा आक्षेप, आणि तो खासगीपणाचा आहे. मंचावर जोडलेल्या माणसांची यादी दुकानदाराला दिली तर त्या माणसांच्या संमतीचे काय? जुन्या व्यवहारात याचे उत्तर आहे. तिथे कार्ड गिऱ्हाइकाने आपणहून टाकलेले असे. पत्ता देणे ही त्याची मर्जी होती आणि तो एकाच दुकानाला दिलेला होता. मंचावर नाव जोडतानाच, मी हे दुकान सोडत नाही तोवर माझा संपर्क दुसरीकडे न्यायची या दुकानाला मुभा आहे, एवढी संमती विचारता येते. ज्याला नको तो नाही म्हणेल. हे तंत्राने अवघड नाही. जानेवारी २०११ मध्ये भारतभर मोबाइल क्रमांक तसाच ठेवून कंपनी बदलण्याची मुभा मिळाली. कंपन्यांनी स्वखुशीने ती दिली नव्हती. नियामकाने नियम केला म्हणून ती मिळाली. त्याच धर्तीवर, संमती दिलेल्या गिऱ्हाइकांची यादी दुसऱ्या मंचावर किंवा स्वतःच्या वहीत नेण्याचा हक्क छोट्या व्यापाऱ्याला कायद्याने मिळाला पाहिजे. तो मिळेपर्यंत चटणी विकणाऱ्या बाईने पार्सलावर लिहिलेला प्रत्येक पत्ता आणि फोन क्रमांक, गिऱ्हाइकाला विचारून, कागदाच्या वहीत उतरवून ठेवावा. किर्लोस्करवाडीला १९२० साली जे भांडवल म्हणून पुरले, ते तिलाही पुरण्याजोगे आहे.