मापपट्टीवरील लाल तेल

इंजिनातील तेल कसे पाहावे, हे आपल्याकडील कोणत्याही ड्रायव्हरला शिकवावे लागत नाही. इंजिन बंद करावे, तेल खाली उतरू द्यावे, पट्टी पुसून पुन्हा घालावी आणि खूण पाहावी. परंतु अमेरिकेतील जुन्या डिझेल पिकअप गाड्यांत बॉनेटखाली आणखी एक लांब पट्टी आढळते, आणि तिच्या बाबतीत हीच रीत अवलंबिली तर ती खोटी साक्ष देते. ती पट्टी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या, म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या यंत्राच्या तेलाची असते. ते तेल गाडी तापल्यावर आणि इंजिन चालू ठेवून पाहावयाचे असते. हा उलटा नियम कोठून आला?

त्याचे मूळ रस्त्यावर नव्हे, तर जहाजाच्या गोदीत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी जहाजांवर वाफेची टर्बाइने आली. टर्बाइन अतिशय वेगाने फिरे, पंख्याला मात्र मंद गती मानवे. जर्मनीतील श्टेटिन येथील व्हल्कन गोदीत काम करणारे अभियंते हेरमान फ्योटिंगर यांनी १९०५ साली यावर उपाय शोधला. एका चक्राने द्रव फेकावा आणि त्या द्रवाच्या माऱ्याने दुसरे चक्र फिरावे. दोन चक्रांत लोखंडाचा सांधा नाही. शक्ती वाहून नेणारा काय तो द्रव.

हेच तत्त्व पुढे मोटारीत आले. जनरल मोटर्स कंपनीने अर्ल थॉम्प्सन यांच्या नेतृत्वाखाली हायड्रामॅटिक हा गिअरबॉक्स सिद्ध केला आणि १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत तो बसविला. ड्रायव्हरच्या पायाखालचा क्लच नाहीसा झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या एम-५ या हलक्या रणगाड्यांतही हे यंत्र वापरले गेले. पुढे १९४९ साली त्याच्यासाठी ‘टाइप ए’ नावाचे खास तेल ठरविण्यात आले. अशा तेलाला लाल रंग देण्याची प्रथा पडली, ती गळतीच्या वेळी ते इंजिनाच्या तेलाहून वेगळे ओळखू यावे म्हणून.

या तेलाकडे केवळ वंगण म्हणून पाहणे चूक ठरेल. ते शक्ती वाहते, दाब देऊन आतील क्लच आवळते आणि उष्णताही वाहून नेते. क्लचच्या चकत्या घसरू नयेत, पण धक्का देऊनही चिकटू नयेत, असा नाजूक गुण त्याला लागतो. हा गुण कित्येक वर्षे स्पर्म जातीच्या देवमाशाच्या तेलातून मिळविला जात होता. हजारो मैल दूरच्या समुद्रात मारलेल्या प्राण्याचा अंश शहरातील मोटारींत फिरत होता, याची कल्पना किती मालकांना असेल? अमेरिकेने १९७० साली या देवमाशाचा समावेश नष्ट होऊ घातलेल्या प्राण्यांत केला, आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावा लागला. तो सहजी साधला नाही. आरंभीच्या एका नव्या तेलाने रेडिएटरमधील तेल थंड करणाऱ्या नळ्यांचे जोड गंजू लागले, आणि त्यात गंजरोधक द्रव्य मिसळावे लागले.

अमेरिकन कंपन्यांच्या डिझेल पिकअप गाड्यांचा प्रसार यानंतरचा. जनरल मोटर्सने १९८२ च्या, फोर्डने १९८३ च्या आणि डॉजने १९८९ च्या गाड्यांत मोठी डिझेल इंजिने दिली. या गाड्या जड ओझी ओढीत, आणि ओझ्याने गिअरबॉक्सचे तेल फार तापे. त्यामुळे त्या पट्टीचे महत्त्व अधिकच वाढले.

आता त्या उलट्या नियमाचे कारण पाहू. तेल खेळविणारा पंप इंजिनाच्या बळावर चालतो. इंजिन बंद पडले की वरचे तेल हळूहळू खालच्या तबकात उतरते आणि पट्टीवरील पातळी फुगलेली दिसते. मालक निर्धास्त होतो, प्रत्यक्षात तेल कमीच असते. मग पंप तेलाबरोबर हवा ओढतो, फेस होतो, दाब पडतो, क्लच घसरतात आणि जळतात. तेल अधिक झाले तरी फिरते भाग ते घुसळतात आणि पुन्हा फेसच होतो. शिवाय तेल तापले की फुगते; म्हणून थंड तेलाचे माप गरम तेलाच्या खुणेशी ताडून पाहू नये.

यासाठी गाडी चालवून तेल तापवावे, ती सपाट जागी उभी करावी आणि हँडब्रेक ओढावा. ब्रेकवर पाय ठेवून गिअरचा दांडा प्रत्येक स्थानी क्षणभर थांबवीत फिरवावा. येथे मात्र कंपन्यांत भेद आहे. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांच्या त्या काळच्या गाड्यांत दांडा ‘पार्क’मध्ये ठेवून माप घेतात, डॉजच्या गाडीत तो ‘न्यूट्रल’मध्ये हवा, कारण तिच्या गिअरबॉक्सची रचनाच अशी, की ‘पार्क’मध्ये टॉर्क कन्व्हर्टरला, म्हणजे त्या द्रवचक्राला, तेल पोहोचत नाही. दांडा योग्य स्थानी आला की इंजिन चालू ठेवूनच पट्टी स्वच्छ फडक्याने पुसावी, पूर्ण आत घालावी आणि पुन्हा काढून पाहावी. अनेक पट्ट्यांवर ‘घाला’ आणि ‘पूर्ण’ या खुणांमधील अंतर सुमारे अर्ध्या लिटरचेच असते. म्हणून तेल थोडे थोडे घालावे. तेल तपकिरी होऊन जळका वास आला तर चकत्या जळत आहेत. दुधाळ गुलाबी दिसले तर रेडिएटरचे पाणी आत शिरले आहे.

पुढे अनेक नव्या मोटारींतून ही पट्टीच काढून टाकण्यात आली. तेल पाहण्याचे काम कारखान्याकडे गेले. जुन्या पिकअपच्या मालकाला मात्र ती साक्ष आजही स्वतः घेता येते. अट एवढीच, की ती केव्हा आणि कशी विचारावी हे त्याला ठाऊक असावे. नाहीतर पट्टी हातात असूनही गिअरबॉक्स गमावण्याची पाळी येते.