जमशेदपूर १९२४ : गहाण पडलेला हिरा आणि पोलादावरील जकात

टाटा आयर्न अँड स्टील कंपनीवर १९२० च्या दशकात ओढवलेल्या संकटाची हकिगत बहुतेक वेळा एका हिऱ्याभोवती सांगितली जाते. कंपनीचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी १९२४ साली आपली खासगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवून सुमारे एक कोटी रुपयांचे कर्ज उभे केले, आणि त्या तारणात त्यांच्या पत्नी मेहेरबाई यांचा २४५ कॅरटांचा 'ज्युबिली' हिराही होता, ही घटना खरी आहे आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही; परंतु कंपनी त्या हिऱ्यामुळे सावरली असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. त्या कर्जाने कंपनीला काही महिन्यांचा अवधी मिळवून दिला. तिला सावरण्याचे काम पुढची दहा-बारा वर्षे चालले, आणि त्याची किंमत भागधारक, कामगार व पोलाद विकत घेणारा सामान्य ग्राहक या तिघांनी मिळून मोजली.

ऑगस्ट १९०७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या या कंपनीला लंडनच्या बाजारात भांडवल मिळाले नव्हते, म्हणून तिचे भाग हिंदुस्थानातच विक्रीस काढण्यात आले आणि स्वदेशीच्या त्या भरात सुमारे आठ हजार भारतीयांनी तीन आठवड्यांत ते उचलले. फेब्रुवारी १९१२ मध्ये साकची येथील कारखान्यात पहिले पोलाद तयार झाले. पुढे महायुद्ध सुरू झाल्यावर मेसोपोटेमिया, इजिप्त आणि पूर्व आफ्रिका येथील लष्करी रेल्वेमार्गांसाठी कंपनीने रूळ पुरवले. त्या उपकाराची जाणीव म्हणून व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांनी जानेवारी १९१९ मध्ये साकचीचे नाव जमशेदपूर असे ठेवले. सन्मान झाला तो झालाच, पण नुकसानीचे बीजही त्याच काळात पडले. कंपनीने रेल्वेशी दीर्घ मुदतीचे करार ठरीव भावाने केले होते, आणि युद्धानंतर मजुरी व कोळसा महागल्यावरही रूळ मात्र जुन्याच भावाने द्यावे लागले.

दुसरी अडचण विस्तार योजनेतून उद्भवली. युद्धकाळातील मागणी पाहून कंपनीने तयार पोलादाचे उत्पादन वर्षाला सुमारे सव्वा लाख टनांवरून चार लाख टनांच्या पुढे नेण्याचे ठरवले आणि त्यासाठी नव्या झोतभट्ट्या, म्हणजे खनिजापासून लोखंड वितळवून काढणाऱ्या भट्ट्या, व रोलिंग मिल परदेशांतून मागवल्या. ही यंत्रे तेजीच्या भावाने घेतली गेली, ती येण्यास विलंब झाला, मधल्या काळात रुपयाचा विनिमय दर घसरल्याने त्यांची किंमत आणखी फुगली, आणि ती उभी राहून चालू होईपर्यंत जगातील पोलादाचा बाजार कोसळला होता. बेल्जियम व इतर युरोपीय देशांतील कारखाने घसरलेल्या चलनाच्या आधारे अत्यंत स्वस्त माल हिंदुस्थानात उतरवू लागले. सप्टेंबर १९२३ मध्ये जपानात भूकंप झाला आणि पिग आयर्नचे, म्हणजे भट्टीतून निघालेल्या कच्च्या लोखंडाचे, तेथील मोठे गिऱ्हाईकही हातचे गेले. खेळते भांडवल इतके आटले की पगार भागवणेसुद्धा कठीण झाले. दोराबजींनी खासगी मालमत्ता गहाण टाकली ती या घडीला.

सरकारी बाजूने याच सुमारास एक धोरणात्मक बदल घडत होता. मुंबईचे सर इब्राहिम रहिमतुला यांच्या अध्यक्षतेखालील फिस्कल कमिशनने १९२२ साली 'विवेकी संरक्षणा'ची शिफारस केली होती. ज्या धंद्याला देशात कच्चा माल व बाजारपेठ आहे, जो मदतीविना वाढू शकत नाही, पण कालांतराने स्वतःच्या पायांवर उभा राहू शकेल, अशाच धंद्याला पारखून आयात जकातीचा आडोसा द्यावा, असे त्याचे थोडक्यात स्वरूप. ही पारख करण्यासाठी १९२३ साली टॅरिफ बोर्ड, म्हणजे जकात मंडळ, नेमण्यात आले आणि पोलाद हाच त्याच्यापुढील पहिला मोठा विषय ठरला. जॉर्ज रेनी अध्यक्ष असलेल्या या मंडळाच्या दोन भारतीय सदस्यांपैकी एक पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक वामन गोविंद काळे होते. पुढे १९३५ साली बँक ऑफ महाराष्ट्रच्या स्थापनेत त्यांनीच पुढाकार घेतला. मंडळाच्या चौकशीच्या त्या वर्षांत टाटांचे नाव महाराष्ट्रात गाजत होते ते मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी चालवलेल्या सत्याग्रहामुळे, आणि त्याच घराण्याच्या पोलाद कारखान्याचे हिशेब तपासणाऱ्यांत एक पुणेकर प्राध्यापक होता, हा योगायोग मराठी इतिहासलेखनाने फारसा टिपलेला नाही.

मंडळाच्या शिफारशीनुसार जून १९२४ मध्ये पोलाद उद्योग संरक्षण कायदा झाला. पूर्वीच्या मूल्यावर आधारलेल्या दहा टक्के जकातीच्या जागी बांधकामाच्या पोलादावर टनाला ३० रुपये आणि सळ्यांवर टनाला ४० रुपये अशी जकात बसली. रुळांना मात्र जकातीचा उपयोग नव्हता, कारण ते आधीच ठरीव भावाने विकले गेले होते. म्हणून त्यांवर 'बाउंटी', म्हणजे सरकारी तिजोरीतून थेट अनुदान, पहिल्या वर्षी टनाला ३२, दुसऱ्या वर्षी २६ आणि तिसऱ्या वर्षी २० रुपये असे देण्यात आले. युरोपातील भाव त्यानंतरही घसरत राहिल्याने काही महिन्यांतच ५० लाख रुपयांच्या मर्यादेत जादा अनुदान मंजूर करावे लागले. मध्यवर्ती विधिमंडळात राष्ट्रीय पक्षाच्या सभासदांनी कायद्याला पाठिंबा दिला, पण कामगारांचे प्रतिनिधी ना. म. जोशी यांच्यासारख्यांनी जनतेच्या पैशाने धंदा वाचवायचा तर त्यातील कामगाराच्या पदरात काय पडणार, हा अवघड प्रश्नही उभा केला.

हा प्रश्न पुढची चार वर्षे जमशेदपुरात घुमत राहिला. संरक्षणाची मुदत तीन वर्षांची असल्याने तेवढ्या अवधीत टनामागील खर्च उतरवणे कंपनीला भाग होते. नवी यंत्रे पूर्ण क्षमतेने चालू लागल्यावर १९२७-२८ मध्ये तयार पोलादाचे उत्पादन चार लाख टनांच्या वर गेले. करारावर आणलेल्या, मोठ्या पगाराच्या परदेशी तंत्रज्ञांची संख्या दोनशेच्या वर होती. १९२१ साली सुरू झालेल्या तंत्रशाळेतून शिकलेल्या भारतीयांना त्यांच्या जागी नेमत ती १९३० च्या दशकात शंभराच्या आत आणण्यात आली. काटकसरीच्या साऱ्या उपायांत दूरदृष्टीचा म्हणावा असा हाच एक होता. कामगारांच्या बाबतीत मात्र कंपनीचा हात तितका हलका नव्हता. कामगार संघटनेला मान्यता मिळाली ती ऑगस्ट १९२५ मधील गांधीजींच्या जमशेदपूर भेटीत झालेल्या समझोत्याने. आणि १९२८ साली माणसे कमी करण्याच्या योजनेवरून तंटा पेटला तेव्हा जूनपासून टाळेबंदी झाली, ती सुभाषचंद्र बोस यांच्या मध्यस्थीने सप्टेंबरात उठली. त्या वर्षीचे उत्पादन आदल्या वर्षापेक्षा बरेच खाली आले. सामान्य भागधारकांना तर त्या दशकातील बहुतेक वर्षे लाभांश मिळालाच नाही.

दरम्यान १९२७ च्या दुसऱ्या कायद्याने अनुदाने बंद करून ब्रिटिश पोलादावर कमी आणि इतर देशांच्या पोलादावर अधिक जकात बसवली. कारखान्याला त्याचा लाभ झाला, परंतु स्वदेशीच्या नावाने मागितलेले संरक्षण साम्राज्याच्या मालाला सवलत देण्याचे साधन बनले, ही विधिमंडळातील टीका योग्यच होती. त्याच वर्षी रुपयाचा दर दीड शिलिंगावर पक्का करण्यात आल्याने आयात माल स्वस्त राहिला आणि एका हाताने दिलेले काही प्रमाणात दुसऱ्या हाताने काढून घेतले गेले.

१९३० च्या दशकाच्या मध्यावर भागधारकांना पुन्हा लाभांश मिळू लागला आणि १९३८ साली जहांगीर गांधी हे कारखान्याचे पहिले भारतीय जनरल मॅनेजर झाले. तोवर दोराबजी हयात नव्हते. १९३२ मध्येच त्यांचे निधन झाले होते. आरंभी तीन वर्षांपुरते म्हणून दिलेले पोलादाचे संरक्षण मुदत वाढत वाढत १९४७ पर्यंत, म्हणजे एकूण २३ वर्षे चालू राहिले.